मेहुण्यांची कॉलर

अमेरिकेत जिम डाउनिंग नावाचा एक शर्यतपटू होता. माझदाच्या गाड्या चालवायचा, आणि जिंकायचाही. त्याचा मेहुणा रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात प्राध्यापक. किती जोर आला की माणसाचं हाड मोडतं, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. त्याआधी जनरल मोटर्समध्ये त्याने गाड्यांच्या अपघात-सुरक्षेवर काम केलेलं. म्हणजे एक जण वेगावर जगणारा आणि दुसरा तो वेग अचानक थांबला तर शरीराचं काय होतं हे मोजणारा.

1981 साली मिड-ओहायोच्या ट्रॅकवर त्यांचा मित्र पॅट्रिक जॅकमार गाडीची चाचणी घेत होता. त्याची रेनो 5 टर्बो वाळूच्या बांधावर आदळली आणि तो गेला. डोक्याची इजा जीवघेणी ठरली. शर्यतीच्या जगात असे मृत्यू नवे नव्हते. लोक दैवाला बोल लावायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा गाडीत बसायचे. डाउनिंगला मात्र ही पाळी आपल्यावरही येऊ शकते हे दिसलं. त्याने मेहुण्याकडे विषय काढला.

हबर्डला त्यातलं गणित कळत होतं. शर्यतीच्या गाडीत चालकाचे दोन्ही खांदे आणि कंबर रुंद पट्ट्यांनी आसनाला आवळलेली असतात. गाडी भिंतीवर आदळली की धड गाडीबरोबर थांबतं. डोकं थांबत नाही, कारण त्याला कुणी धरलेलंच नसतं. डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण साडेसहा किलो. गुरुत्वाकर्षणाच्या 60 पट धक्का बसला, तर त्या क्षणापुरता मानेवर पावणेचारशे किलोंहून जास्त ओढा येतो. कवटी जिथे मणक्यावर टेकते तिथलं हाड हा ताण सोसत नाही. ते फुटलं की आतल्या रक्तवाहिन्यांना आणि मेंदूच्या खोडाला इजा होते. चेहऱ्यावर ओरखडाही नसतो आणि माणूस गेलेला असतो.

हबर्डने उपाय काढला तो दिसायला अगदी साधा. बैलाच्या मानेवर जू ठेवावं तशी एक टणक कॉलर चालकाच्या खांद्यांवर ठेवायची. तिचे दोन्ही बाहू छातीवर उतरतात आणि खांद्याचे पट्टे त्यांच्यावरून जातात. कॉलरच्या मागच्या उभ्या भागापासून हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना छोट्या दोऱ्या अडकवायच्या. धक्का बसला की दोऱ्या ताणतात, ओढा मानेऐवजी कॉलरवर येतो, तिथून पट्ट्यांवर आणि पट्ट्यांतून गाडीच्या सांगाड्यावर. मान जवळजवळ जागच्या जागी राहते. या साधनाला त्यांनी हॅन्स म्हटलं. 1985च्या सुमारास पहिला नमुना तयार झाला, आणि 1989मध्ये बाहुल्या बसवून आदळण्याच्या चाचण्या झाल्या तेव्हा डोक्यामानेवरचा जोर सुमारे 80 टक्क्यांनी उतरला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. प्रत्यक्षात तिचा सगळ्यात दुःखाचा भाग इथे सुरू होतो.

सुरक्षेचं सामान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी हे साधन बनवायला नकार दिला. 1991मध्ये दोघा मेहुण्यांनी स्वतःच कंपनी काढली. डाउनिंग स्वतः हॅन्स घालून शर्यतीत उतरायचा, पण बाकीचे घेईनात. कॉलर मोठी आहे, खांद्याला रुतते, मान वळत नाही, गाडी पेटली तर उतरता येणार नाही. यातली काही कारणं खरीही होती. फॉर्म्युला वनच्या चिंचोळ्या कॉकपिटमध्ये तो पहिला नमुना मावलाही नसता. पण माझ्या मते मूळ अडचण वेगळी होती. भीती वाटत नाही हे दाखवण्यात ज्यांची इभ्रत होती, त्यांच्यासाठी ही कॉलर म्हणजे भीतीची उघड कबुली होती.

1994च्या एप्रिलमध्ये इमोला इथे रोलँड रॅटझेनबर्गर गेला, दुसऱ्या दिवशी आयर्टन सेना. रॅटझेनबर्गरच्या कवटीचा तळ फुटला होता. मग फॉर्म्युला वनला जाग आली. मर्सिडीजच्या अभियंत्यांनी आधी एअरबॅगचा विचार केला, मग हॅन्सच अधिक कामाचं आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. कॉलर लहान आणि हलकी झाली.

अमेरिकेतल्या नॅसकार या शर्यतसंस्थेने मात्र आणखी मरणं पाहिली. 2000च्या मे महिन्यात अॅडम पेटी, वय 19. जुलैमध्ये त्याच ट्रॅकवर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर. आणि 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोनाच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्ट, सात वेळचा विजेता, लाखोंचं दैवत. त्याने हॅन्स घातलं नव्हतं, घालणारे तेव्हा थोडेच होते. चौकशीत त्याचा कमरेचा पट्टा तुटल्याचंही निघालं, त्यामुळे हॅन्स असतं तर तो वाचलाच असता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्याच्या मरणाने बाकीच्यांचा ताठा उतरला. काही महिन्यांत मैदानातले बहुतेक जण आपणहून हॅन्स घालू लागले. सक्ती तरीही नव्हती. 4 ऑक्टोबरला शार्लट इथे एका दुय्यम मालिकेत ब्लेझ अलेक्झांडर गेला, आणि 17 ऑक्टोबरला नॅसकारने डोक्यामानेचा आधार अनिवार्य केला. जॅकमारच्या मृत्यूला तेव्हा 20 वर्षं झाली होती.

2003पासून फॉर्म्युला वनमध्येही हॅन्स सक्तीचं झालं. सुरुवातीला काही चालकांनी खांदे सोलवटतात म्हणून कुरकुर केली. 2007मध्ये मॉन्ट्रियलला रॉबर्ट कुबित्साची गाडी भिंतीवर आदळून चिंध्या झाली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या 75 पटींपर्यंत गेला होता. पाय मुरगळला, डोक्याला हलका मार लागला, एक शर्यत हुकली आणि पुढच्या शर्यतीला तो गाडीत होता. त्यानंतर ती कुरकुर कुणाच्या तोंडी शोभली नसती.

ही गोष्ट आपल्याकडे सांगायचं कारण आहे. कोइम्बतूरजवळचा करी ट्रॅक, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट इथे ट्रॅक डेला जाणारी हौशी मंडळी आता मुंबई-पुण्यातही आहेत. घरच्या गाडीत रेसिंगची सीट आणि हार्नेस, म्हणजे खांदे-कंबर आवळणारे ते रुंद पट्टे, बसवला की आपण सुरक्षित झालो, असं त्यांना वाटतं. हबर्डचं गणित पुन्हा वाचा. कंपनीच्या तीन टोकी पट्ट्यात धड थोडं पुढे सरकतं, एअरबॅग ते झेलते. हार्नेसमध्ये धड पक्कं बांधलं जातं आणि मान एकटी पडते. हार्नेस आहे आणि हॅन्स नाही, ही स्थिती सगळ्यात वाईट.

हार्नेसचे पैसे काढाल तेव्हा हॅन्सचे आणि त्याच्या कड्या बसतील अशा हेल्मेटचेही बाजूला काढा. साधन एफआयए किंवा एसएफआय या संस्थांच्या मानकाचं घ्या, आपल्या खांद्यांच्या मापाचं घ्या, आणि ते घालून गाडीतून झटकन बाहेर पडायचा सराव घरीच करा. तेवढे पैसे यंदा जमत नसतील तर कंपनीचाच पट्टा लावा, वेग आवरून चालवा, आणि हॅन्स हातात आल्याशिवाय हार्नेस बसवू नका.