प्रशस्तिपत्राच्या पलीकडे : जर्मन परंपरेचे वाचन आणि वाचकाची नैतिक जबाबदारी

१

एखाद्या परकीय संस्कृतीचा आस्वाद केवळ वाचनाच्या आधारे घेता येतो काय, हा प्रश्न वरवर पाहता ज्ञानमीमांसेचा वाटतो. मूळ भाषा अवगत नसेल, तो देश पाहिलेला नसेल, ग्रंथही अनुवादाच्या अनुवादातून हाती येत असतील, तर अशा आकलनाचे प्रामाण्य कितपत मानावे, अशी शंका घेतली जाते. शंका रास्त आहे. परंतु ती प्रश्नाच्या मुळाशी जात नाही. परकीय परंपरा आपण कशासाठी वाचतो, आणि ती वाचल्यानंतर स्वतःच्या परंपरेकडे कोणत्या दृष्टीने परततो, यावर आस्वादाचे मोल ठरते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या अर्थाने प्रश्न अंतिमतः नैतिक आहे. जर्मन परंपरा ही त्याची सर्वांत कठोर कसोटी होय. कारण ज्या समाजाने कांट, गटे आणि हेगेल दिले, त्याच समाजात १९३३ ते १९४५ या काळातील राज्ययंत्रणा आणि तिने घडविलेला संहार शक्य झाला.

विवेचन हवेत राहू नये म्हणून वाचकाचे स्थान निश्चित करणे बरे. परभणी जिल्ह्यातील जिंतूर हे तालुक्याचे गाव आपण डोळ्यांसमोर ठेवू. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. कारभाराची आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. आजही या गावात मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यापर्यंत जर्मन विचार पोचतो तो मराठी, हिंदी, उर्दू किंवा इंग्रजी यांपैकी एखाद्या वाटेने. या वाटांचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याच्या वाचनाचे स्वरूप कळणार नाही.

२

मराठी वाचकाला गटे प्रथम भेटतो तो एका दंतकथेतून. ‘शाकुंतल’ वाचून हा महाकवी ग्रंथ डोक्यावर घेऊन नाचला, असे शाळेपासून आपण ऐकत आलेलो असतो. वस्तुस्थिती अधिक साधी आणि अधिक उद्बोधक आहे. विल्यम जोन्सने १७८९ मध्ये कालिदासाच्या या नाटकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्यावरून गेओर्ग फोर्स्टरने १७९१ मध्ये जर्मन अनुवाद केला. तो वाचून गटेने नाटकाच्या गौरवार्थ चार ओळी लिहिल्या. म्हणजे गटेने वाचले ते अनुवादाचा अनुवाद असलेले ‘शाकुंतल’. शोपेनहौएरचे उपनिषद्‌वाचनही असेच. दारा शुकोहने १६५७ मध्ये सिद्ध करविलेल्या फारसी भाषांतरावरून आंकतील द्युपेराँने १८०१–०२ मध्ये लॅटिन भाषांतर छापले, आणि शोपेनहौएरने आयुष्यभर उराशी धरले ते हेच. जिंतूरच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेली परोक्षता या दोघांच्याही वाट्याला आलेली होती. तेव्हा परोक्ष वाचन हे आपोआप कनिष्ठ वाचन ठरत नाही.

दंतकथेचा खरा दोष वेगळा आहे. तिच्यात गटे आहे, पण त्याचे काहीच नाही. ‘फाउस्ट’चा प्रश्न नाही, वायमार नाही, आहे तो फक्त आपल्या कालिदासाला मिळालेला कौल. याच गावातील उर्दू वाचकाची वाट तपासली तर तेथेही थोडे असेच दिसते. म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविलेल्या इक्बालांनी १९२३ मध्ये ‘पयाम-ए-मश्रिक’ हा फारसी संग्रह गटेच्या १८१९ मधील ‘पश्चिम-पूर्व दिवाणा’ला उत्तर म्हणून सिद्ध केला. गटेचा तो संग्रह हाफिजच्या जर्मन अनुवादातून स्फुरला होता. इक्बालांनी स्वतः गटेशी प्रतिस्पर्ध्याच्या तोलाने संवाद केला; परंतु सामान्य वाचनव्यवहारात या संवादातूनही उरतो तो पूर्वेच्या श्रेष्ठत्वाचा दाखलाच. अशा रीतीने एकाच गावात दोन गटे नांदतात : एक कालिदासाचा चाहता, दुसरा हाफिजचा. दोन शेजाऱ्यांनी आपापल्या भिंतीवर एकाच माणसाची दोन प्रशस्तिपत्रे टांगावीत, आणि त्या माणसाची विचारपूस मात्र कोणीच करू नये, अशी ही अवस्था आहे.

३

प्रशस्तिपत्र शोधणाऱ्या वाचनाची मर्यादा उघड होते ती प्रतिकूल मजकूर समोर आल्यावर. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने १८२५–२६ मध्ये भगवद्‌गीतेवर व्याख्याने दिली. त्याचा गौरवाचा सूर आपल्याला प्रिय आहे. हेगेलने १८२७ मध्ये या व्याख्यानांचे विस्तृत परीक्षण केले, त्याची आठवण मात्र क्वचितच निघते. हेगेलला संस्कृत येत नव्हते, भारताविषयीची त्याची माहिती तुटपुंजी होती आणि युरोप हेच इतिहासाचे गंतव्य असल्याचा त्याचा अहंकार लेखणीतून लपत नाही. हे सर्व मान्य करूनही त्याचा एक मुद्दा उरतो. अर्जुनाला सांगितलेले कर्तव्य हे जन्माने लाभलेल्या वर्णाचे कर्तव्य आहे. ते व्यक्तीच्या मुक्त नैतिक विवेकातून निघालेले नाही, असे त्याचे म्हणणे आहे. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सर्वस्वी स्वतंत्र मार्गाने गीतेतील चातुर्वर्ण्याच्या तात्त्विक समर्थनावर टीका केली. दोघांच्या भूमिका, हेतू आणि अधिकार यांत महदंतर आहे. हेगेल बाहेरून न्याय देऊ पाहतो. आंबेडकर भोगलेल्या अन्यायाच्या आतून बोलतात. तरीही हेगेलचा पूर्वग्रह दाखवून दिला म्हणजे त्याच्या आक्षेपाचे उत्तर झाले, असे समजणाऱ्याला आंबेडकरांपुढे तीच पळवाट उपलब्ध नाही.

मराठीत जर्मन तत्त्वज्ञानाशी मोठ्या प्रमाणावर घडलेली पहिली झुंज म्हणजे लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात कांट, हेगेल, शोपेनहौएर, नित्शे, डॉयसेन यांचा परामर्श आहे. उपयुक्ततावादाविरुद्ध कर्त्याच्या शुद्ध बुद्धीला महत्त्व देणारा कांट टिळकांना जवळचा वाटला, आणि ही जवळीक उसनी नव्हती. टिळकांचा आवाका आणि बौद्धिक धैर्य निर्विवाद आहे. पण ग्रंथाची रचना वादाची आहे. पक्ष आधी ठरलेला आहे आणि कांट साक्षीदार म्हणून येतो. साक्षीदाराकडून आपल्याला सोयीचे तेवढेच वदवून घ्यावयाचे असते.

रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’तील (१९७४) कांट याहून वेगळा आहे. येथे तो कोणत्याही भारतीय सिद्धान्ताच्या पुष्टीसाठी आलेला नाही. सौंदर्यविधान व्यक्तिनिष्ठ असूनही सार्वत्रिक संमतीचा दावा का करते, ही कांटची अडचण पाटणकर स्वतःची अडचण म्हणून स्वीकारतात, आणि कांटचे उत्तर अपुरे वाटते तेथे तसे म्हणतात. मराठी समीक्षेला जर्मन परंपरेने दिलेले खरे देणे मला येथे दिसते : परक्याचा प्रश्न आपला होणे.

हान्स-गेओर्ग गाडामरने १९६० मध्ये ‘सत्य आणि पद्धती’ या ग्रंथात प्रतिपादिले की, पूर्वग्रहाशिवाय आकलन संभवत नाही. वाचकाचे क्षितिज आणि ग्रंथाचे क्षितिज यांचे मीलन म्हणजे आकलन. यावर युर्गेन हाबरमासने १९६७ मध्ये आक्षेप घेतला की, परंपरा अर्थाबरोबर सत्ताही वाहून नेते. तिच्याशी केवळ मीलन करून चालणार नाही, तिची चिकित्साही केली पाहिजे. मराठवाड्यातील वाचकासाठी हा वाद केवळ परीक्षेतील टिपणाचा विषय नाही. त्याच्या क्षितिजात संतवाङ्मय आहे, तशी गावकुसाबाहेरची वस्तीही आहे.

४

बर्लिनमध्ये शिकलेल्या इरावती कर्वे यांचे उदाहरण येथे विचारात घेण्याजोगे आहे. १९२७ साली स्थापन झालेल्या तेथील मानववंशशास्त्र संस्थेत, ओइगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळविली. फिशर यांनी जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, मिश्रवंशीय समाजाचा अभ्यास करून नाव कमावले होते. पुढे ही संस्था नाझी वंशविचाराची आधारभूत संस्था बनली. कर्वे यांचा विषय होता मानवी कवटीची असममिती. तिचा वंशाशी संबंध असावा, या मार्गदर्शकाच्या गृहीतकाला त्यांच्या मोजमापांनी दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी तसे नमूद केले.

या घटनेचे भाबडे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. तेथे शिकलेले शरीरमापनाचे तंत्र कर्वे यांनी भारतात परतल्यावर महाराष्ट्रातील जातींच्या अभ्यासासाठी वापरले. तंत्र आणि त्यामागील दृष्टी कितपत वेगळी करता येतात, हा प्रश्न त्यांच्या कार्यासंबंधी विचारला गेला पाहिजे. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. परक्या विद्येच्या ऐन केंद्रात बसून त्यांनी तिची पद्धत मनापासून आत्मसात केली आणि त्याच पद्धतीने तिचा निष्कर्ष नाकारला. अनादराने नाकारणे सोपे असते, आदराने स्वीकारणेही सोपे असते. शिकून नाकारणे अवघड, आणि आस्वादाची प्रौढावस्था ती हीच.

५

आता मूळ पेच. गटे आणि शिलर यांचे वायमार, आणि त्याच्या लगतच्या एटर्सबेर्ग टेकडीवर १९३७ मध्ये उभारलेली बुखेनवाल्डची छळछावणी, यांत अंतर आहे सुमारे आठ किलोमीटरांचे. वाचकाने हे अंतर कसे वाचावे? दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले असे की, जर्मनी दोन होते : एक कवी-तत्त्वज्ञांचा, दुसरा मारेकऱ्यांचा. दुसरे असे की, ही सारी परंपरा आरंभापासूनच संहाराकडे निघाली होती. पहिल्या उत्तराने आस्वाद निर्वेध होतो, दुसऱ्याने अनावश्यक.

टोमास मानने मे १९४५ मध्ये वॉशिंग्टन येथे दिलेल्या ‘जर्मनी आणि जर्मन लोक’ या व्याख्यानात दोन्ही वाटा बंद केल्या. चांगला आणि वाईट असे दोन जर्मनी नाहीत. जर्मनी एकच, आणि त्याचे जे उत्तम तेच विपरीत झाले, असा त्याचा आशय होता. स्वतः परागंदा असूनही त्याने आपल्याला या हिशेबातून वगळले नाही. ज्यू पत्नीमुळे १९३७ मध्ये अध्यापनपदावरून दूर केलेल्या कार्ल यास्पर्सनेही वगळले नाही. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोषविषयक ग्रंथात दोषाचे चार प्रकार केले आहेत : फौजदारी दोष, ज्याचा निवाडा न्यायालय करते, राजकीय दोष, जो राज्याचा नागरिक म्हणून प्रत्येकाकडे येतो, नैतिक दोष, ज्याचा न्यायाधीश आपली सदसद्विवेकबुद्धी, आणि पारमार्थिक दोष, जो शेजारी मारला जात असताना आपण जिवंत राहिलो एवढ्यानेही लागतो.

हे वर्गीकरण वाचून जिंतूरचा वाचक ग्रंथ मिटून ठेवू शकत नाही. २७ जुलै १९७८ रोजी राज्य विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात, विशेषतः परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील गावांत, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ज्या नावासाठी हे घडले तो पुरुष १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवून आलेला, जर्मन शिकलेला विद्वान होता. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. यातील फौजदारी दोषाचा, जेथे झाला तेथे, खटल्यांपुरता विचार झाला. नैतिक दोषाचा विचार कोणत्या ग्रंथात झाला? दलित साहित्याने तो भोगणाऱ्याच्या बाजूने मांडला. हल्ला करणाऱ्या, किंवा दार लावून आत बसलेल्या, समाजाच्या बाजूने ‘आमचे जे उत्तम तेच विपरीत कसे झाले’ असे विचारणारे मराठी लेखन मात्र विरळ आहे. हीच गोष्ट १९४८ ची. रझाकारांचे अत्याचार आपल्या स्मरणात आहेत आणि असलेच पाहिजेत. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर जे गुदरले, ज्याची नोंद पंडित सुंदरलाल समितीने केली, ते स्मरणाबाहेर राहिले.

६

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, राज्ययंत्रणेने केलेला लक्षावधींचा संहार आणि मराठवाड्यातील हिंसा यांची तुलना अप्रस्तुत आहे. घटनांची तुलना खरोखरच अप्रस्तुत आहे, आणि येथे ती अभिप्रेत नाही. तुलना आहे ती घटनेनंतरच्या वाचनांची. यास्पर्सच्या चार प्रकारांपैकी शेवटच्या दोहोंना मृतांची संख्या मोजावी लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा. अशा रीतीने आपण जर्मनीला आत्मपरीक्षणाचे नवे प्रशस्तिपत्र देत नाही काय? इतिहास तसे करू देत नाही. युद्धानंतरचे पहिले दशक बहुतांशी मौनाचे होते. फ्रांकफुर्टचा आउश्विट्झ खटला सुरू झाला तो १९६३ मध्ये. १९८६ मध्ये इतिहासकारांत वाद पेटला तो हा भूतकाळ इतरांच्या पंक्तीत बसवून सौम्य करावा काय यावर. आणि नामिबियातील १९०४ ते १९०८ च्या संहाराला जर्मन शासनाने वंशसंहार म्हटले ते २०२१ मध्ये. हा हिशेब उशिरा सुरू झाला, अर्धवट राहिला आणि काही दालनांत तर अलीकडेच उघडला गेला. म्हणूनच तो अनुकरणाचा आदर्श न राहता उपयोगाचा ठरतो. ज्यांनी विलंब केला त्यांच्या विलंबाचीही भाषा त्यात आपल्याला वाचावयास मिळते.

जर्मन परंपरेचा आस्वाद म्हणजे काय, याचे उत्तर आता देता येईल. कालिदासाची किंवा हाफिजची स्तुती तिच्यात शोधणे हा आस्वाद नव्हे, आणि वायमारपाशी थांबून टेकडी न चढणे हाही नव्हे. तिचा प्रश्न आपला होऊ देणे, तिची पद्धत शिकून तिचा चुकीचा निष्कर्ष नाकारणे, आणि तिने स्वतःला उशिरा का होईना विचारलेला प्रश्न आपल्या गावच्या नावानिशी पुन्हा विचारणे, एवढ्याने तो सिद्ध होतो. त्यासाठी जर्मन यावे लागत नाही. आले तर उत्तमच. मात्र १९७८ साली आपल्या तालुक्यात काय घडले, हे वाचकाला ठाऊक असावे लागते.