जंगल कुणाच्या खात्यावर?



झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्यातला कार्बन खोडात, मुळांत साठवते. वाळलेल्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनचेच असते. म्हणून आज या साठ्याचा हिशेब मांडून ‘कार्बन क्रेडिट’ विकले जाते. प्रश्न असा, की एकाने राखलेल्या झाडांमुळे दुसऱ्याला धूर सोडण्याची मोकळीक मिळते का?

आपल्या अमरावती जिल्ह्यातील पायविहीर हे कोरकू वस्तीचे गाव. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावकऱ्यांनी उजाड जमिनीवर झाडे लावली, राखण केली, सीताफळे विकून रोजगार उभा केला. त्या झाडांत कार्बनही साठतो आहे.

इकडे अकोला जिल्ह्यात पारसला कोळसा जळतो, तेव्हा आपले पंखे फिरतात. कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला कार्बन असा वर येतो. झाडातला साठा मात्र एका वणव्यात हवेत परत जाऊ शकतो. ही दोन खाती सारखी नव्हेत.

राखणीचा मोबदला गावाला मिळावा, तोही ग्रामसभेच्या संमतीने. हा न्यायच आहे. परंतु तेवढ्याने आपला धूर धुतला जात नाही. २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी हाच इशारा दिला: अशा खरेदीविक्रीतून सट्टेबाजी वाढेल आणि काहींची उधळपट्टी तशीच चालू राहील.

शेजाऱ्याने उपवास धरला म्हणून आपली जीभ आवरत नाही. पायविहीरचे देणे द्यावे, आणि आपली वीज, आपले पेट्रोल आपणच कमी करावे.