आम्ही म्हणजे कोण?

कोल्हापूर हे भाषणे ऐकणारे शहर आहे. दसरा चौकातील राजर्षी शाहू स्मारक भवनाच्या दारात एखाद्या सायंकाळी जाऊन उभे राहावे, आत बहुधा काही ना काही चाललेलेच असते. कधी व्याख्यान, कधी परिसंवाद, कधी पुस्तकाचे प्रकाशन. श्रमिक प्रतिष्ठानची कॉम्रेड अवि पानसरे व्याख्यानमाला तर इथल्या श्रोत्यांच्या ओळखीचीच. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना संध्याकाळी पायातली चप्पल झिजवून दुसऱ्याचे विचार ऐकायला जाण्याची सवय लागली. ही सवय चांगली आहे. तिच्यामुळे पुष्कळ माणसे घडली. आमच्यासारखा उर्दू माध्यमाचा शिक्षक मराठीत चार ओळी लिहू लागला, त्यात शाळेइतकाच या सभागृहांचा वाटा आहे.

परंतु श्रोत्यांच्या खुर्चीत बसणे वेगळे आणि व्यासपीठावर बसणे वेगळे. हा फरक आम्हाला २०२३ च्या पावसाळ्यात कळला.

त्या वर्षी ७ जून रोजी कोल्हापुरात जे घडले ते महाराष्ट्राने पाहिले. मोबाईलवर लावलेल्या काही स्टेटसवरून बंदची हाक दिली गेली, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला, इंटरनेट बंद झाले. शाहूंच्या नगरीत असे कसे झाले, असे जो तो एकमेकांना विचारू लागला. त्यानंतर काही आठवड्यांनी एका संस्थेने सामाजिक सलोख्यावर परिसंवाद ठेवला. आम्हाला फोन आला. फोन करणारे गृहस्थ सज्जन. म्हणाले, "सर, तुमच्या समाजाकडून कुणीतरी बोलणारं हवं. तुमचं मराठी चांगलं आहे."

आम्ही होकार दिला. समाजाने आम्हाला निवडले नव्हते. आमच्या मराठीने निवडले होते.

पंधरा मिनिटे मिळाली. आम्ही काय बोललो? जे अशा वेळी बोलायचे असते ते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम समाजातील प्रतिष्ठितांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः स्वीकारले, हे सांगितले. दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग त्याची आजही साक्ष देते, हे सांगितले. मोहरमला हिंदू तालमींत बसणारे पंजे सांगितले. कुरुंदवाडला मशिदीत बसणारा गणपती सांगितला. शिवरायांच्या सैन्यातील मुसलमान सरदार सांगितले. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ आणि पुस्तक मिळाले.

मग श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यातली एक आमच्या नावाची होती. निळ्या शाईत दोन ओळी: "ज्यांच्या दुकानांवर दगड पडले त्यांच्याकडे तुमच्यापैकी कोण कोण गेले? आणि ज्या मुलांनी स्टेटस लावले त्यांच्याशी तुमच्यापैकी कोण बोलले?" खाली नाव नव्हते. लिहिणारा हिंदू की मुसलमान, हेही कळायला मार्ग नव्हता. 'तुमच्यापैकी' म्हणजे व्यासपीठावरचे आम्ही सगळे, की एकटा आमचा समाज, तेही कळेना. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलवली. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "वेळेअभावी आपण इथेच थांबतो आहोत." चिठ्ठी आम्ही घडी करून खिशात घातली.

घरी अम्मीने विचारले. भाषण एका नातेवाइकाने तिला मोबाईलवर ऐकवले होते. ती म्हणाली, "टाळ्या भोत पड्या रे. पन बोल्या क्या तू?"

या एका प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून शोधतो आहोत.

महिनाभराने आमच्याच मोहल्ल्यात एक जलसा झाला. तिथेही बोलायला उभे राहिलो. भाषा उर्दू, श्रोते सगळे आपले. तिथे आम्ही मशिदीतल्या गणपतीचा उल्लेख केला नाही. दगडांचा केला. भीतीचा केला. वर्तमानपत्रांचा केला. मुलांच्या स्टेटसविषयी मात्र तिथेही एक अक्षर काढले नाही. तिथेही दाद मिळाली. तिथेही एकही वाक्य खोटे नव्हते.

दोन भाषणे. दोन्हींत सगळे खरे. तरीही ती दोन भाषणे एकमेकांसमोर उभी केली असती, तर त्यांनी एकमेकांना ओळखले नसते. मग प्रश्न असा, की खऱ्या वाक्यांचे मिळून खोटे होऊ शकते काय?

आमच्या मते होऊ शकते. खरे बोलणे म्हणजे केवळ खरी वाक्ये उच्चारणे नव्हे. समोरच्याला जे ऐकायला गोड लागते तेवढेच खरे निवडून वाढले, तर ती खुशामत होते. फक्त ती सभ्य कपड्यांत येते. पहिल्या सभागृहाला हवे होते की मुसलमानाने येऊन सांगावे, सगळे ठीक आहे. दुसऱ्याला हवे होते की आपल्यातल्या शिकलेल्याने येऊन सांगावे, आपले काहीच चुकलेले नाही. आम्ही दोघांनाही हवे ते दिले.

यात भाषेचाही हात आहे. उर्दूत 'हम' हा एकच शब्द. तो एकट्या माणसालाही चालतो, दहा जणांनाही चालतो, समोरच्याला धरूनही चालतो आणि वगळूनही चालतो. मराठी मात्र हिशेबाची पक्की. तिच्यात 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहिला. 'आपण' म्हटले की तो आत आला. या लेखातही आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो आहोत, ती त्या 'हम'ची सवय. परंतु त्या दिवशी व्यासपीठावर "आम्ही मुसलमान" म्हणताना आम्ही कुणाकुणाला त्यात कोंबले? आमच्या शाळेत डबा न आणणाऱ्या मुलाच्या आईला आम्ही विचारले होते काय? दगड पडलेल्या दुकानदाराला? स्टेटस लावणाऱ्या पोराला? एकालाही नाही. हजारोंच्या वतीने बोलण्याचा अधिकार आम्ही एका फोनवर घेतला.

दुसऱ्याच्या वतीने बोलणे या गोष्टीचा सर्वात मोठा धडा आमच्याच जिल्ह्यात दिला गेला आहे. मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली. शाहू महाराज तिथे गेले. ते राजे होते. अस्पृश्यांसाठी त्यांनी जे केले त्यानंतर त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणालाच नव्हता. तरी त्यांनी काय केले? अध्यक्षस्थानी असलेल्या तरुण आंबेडकरांकडे बोट दाखवले आणि लोकांना सांगितले, की तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातूनच मिळाला आहे. ज्याच्या हाती व्यासपीठ असते त्याने ते कधी सोडावे, हे कळणे हासुद्धा न्यायाचाच भाग आहे. परिसंवादात एक मुसलमान, एक दलित, एक स्त्री अशी भरती करणाऱ्यांनी आणि त्या भरतीत सुखाने बसणाऱ्या आमच्यासारख्यांनी माणगाव आठवावे.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तो हलका नाही. एक सहकारी आपा आम्हाला म्हणाल्या, "सर, घरातलं भांडण वेशीवर कशाला टांगायचं? आपल्या चुका आपण भरसभेत सांगितल्या, की उद्या त्याच आपल्या अंगावर फेकल्या जातात." हे खरे आहे. तलाकपीडित स्त्रीचा प्रश्न हा आमच्या समाजाचा खरा प्रश्न होता. शाहबानो खटल्याचा निकाल १९८५ चा, तिहेरी तलाकवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ चा, कायदा २०१९ चा. या सगळ्या काळात त्या स्त्रीविषयी कळवळा दाखवणाऱ्यांत असेही पुष्कळ होते, ज्यांना त्या स्त्रीपेक्षा तिच्या समाजाला झोडपण्यात रस होता. अशा श्रोत्यांपुढे स्वतःच्या समाजाची चूक कबूल करणे म्हणजे मारणाऱ्याच्या हातात काठी देणे नव्हे काय?

आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला. आमच्या मते गप्प राहण्याला कधीकधी जागा असते. प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येक ठिकाणी बोललीच पाहिजे, असा नियम नाही. परंतु जी चूक बाहेर सांगायची भीती वाटते, ती घरात तरी सांगितली आहे काय, हे विचारले पाहिजे. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. त्यांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही, आणि या अंकाच्या वाचकांपैकी अनेकांना पटत नसतील. पण आपल्याच माणसांचा रोष पत्करून ते आपल्याच माणसांशी बोलले. दुसरीकडे कॉम्रेड गोविंद पानसरे. भाषणातून जन्मलेली त्यांची 'शिवाजी कोण होता?' ही पुस्तिका १९८८ मध्ये आली आणि घराघरांत गेली. 'मुस्लिमांचे लाड' ही पुस्तिका त्यांनी लिहिली, तीही बहुसंख्य समाजाच्या मनातला गैरसमज त्याच समाजापुढे ठेवण्यासाठी. आम्हाला बरे वाटावे म्हणून ते आमच्या मोहल्ल्यात येऊन गोड बोलले असते, तर त्यांना काहीच झाले नसते. जिथे ऐकवायला नको वाटते तिथेच ते बोलले. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी याच शहरात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला ते गेले. शब्दाची किंमत काय असते हे कोल्हापूरला कुणी वेगळे सांगायची गरज नाही.

आम्ही दलवाई नाही, पानसरेही नाही. पगारी शिक्षक आहोत, घरी लहान मुले आहेत, आणि भीती आम्हालाही वाटते. पण सामान्य माणसाला झेपेल असा एक नियम यातून निघतो. आपल्या माणसांची चूक आधी आपल्या माणसांत बोलावी. दुसऱ्याचा अन्याय आधी त्या दुसऱ्याच्या समोर बोलावा. आम्ही दोन्ही ठिकाणी नेमके उलटे केले होते. अन्याय मोहल्ल्यात सांगितला, जिथे तो सर्वांना ठाऊकच होता. सलोखा सभागृहात सांगितला, जिथे त्याने कुणाचीच झोप उडणार नव्हती.

इमाम गझाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये मुनाझऱ्याच्या, म्हणजे वादविवादाच्या, अटी सांगितल्या आहेत. त्यांचा आशय असा, की वाद करणाऱ्याने हरवलेली वस्तू शोधणाऱ्यासारखे असावे. ती आपल्या हाताला लागली काय आणि दुसऱ्याच्या हाताला लागली काय, सापडल्याचा आनंद सारखाच. आणि भरगर्दीपेक्षा एकांतातली चर्चा त्यांना अधिक पसंत होती, कारण गर्दीत माणसाला सत्यापेक्षा स्वतःचे दर्शन घडवण्याची हौस येते. नऊशे वर्षांपूर्वी माईक नव्हता, शाल-श्रीफळ नव्हते. हौस मात्र हीच होती.

बी.एड.ला असताना पाठटाचणात प्रश्नांसाठी स्वतंत्र रकाना असे. प्रश्न नसलेला पाठ निरीक्षक पूर्ण धरत नसत. वर्गात मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसेल, तर "मला माहीत नाही, पाहून उद्या सांगतो" म्हणावे, असेही शिकवले होते. वर्गात आम्ही हे रोज करतो. सभागृहात मात्र चिठ्ठी खिशात घातली. ज्याला पाचवीच्या मुलासमोर "माहीत नाही" म्हणायची लाज वाटत नाही, त्याला दोनशे प्रौढांसमोर "मी गेलो नाही, मी बोललो नाही" म्हणायची लाज वाटली. उत्तर एवढेच होते. त्याला दोन मिनिटेही लागली नसती. वेळेचा अभाव नव्हताच.

ती चिठ्ठी पुढच्या पालकसभेत आम्ही वाचून दाखवली. उशीर झाला होता, हे आधीच कबूल केले. एक पालक रागावून उठले. म्हणाले, "आमच्याच पोरांना बोला तुम्ही. त्यांना कोण बोलणार?" आम्ही म्हणालो, "त्यांनाही बोलू. पण तिथे जाऊन." मागे बसलेल्या एका आईने विचारले, "सर, स्टेटस म्हणजे नेमकं काय असतं? माझा मुलगा दिवसभर मोबाईलवर असतो, मला काहीच समजत नाही." मग तासभर त्यावरच बोलणे झाले. मुले घरी काय पाहतात, कोण पाठवते, चिडवणारा मेसेज आला तर काय करायचे. टाळ्या पडल्या नाहीत. पण आमच्या दोन्ही भाषणांत मिळून जेवढे बोलणे झाले नव्हते, तेवढे त्या एका वर्गखोलीत झाले.

त्यानंतर आम्हाला पुन्हा एका परिसंवादाचे बोलावणे आले. "तुमच्या समाजाकडून" हेच शब्द. आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. आम्ही समाजाकडून येणार नाही, एक शिक्षक म्हणून येऊ. आणि आलेल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या जाव्यात. आयोजकांनी विचार करून कळवतो म्हटले. काही दिवसांनी कळवले, की चिठ्ठ्या वाचू, मात्र आमचा वेळ पंधराऐवजी दहा मिनिटे राहील.

आम्ही हो म्हटले. दहा मिनिटांत दगडांविषयीही बोललो आणि स्टेटसविषयीही बोललो. मशिदीतला गणपती मात्र राहून गेला.