छपराला दोर कशाला?

“छपराला दोर कशाला? पांडुरंग राखील,” असे कोणी म्हणाले, की आम्हांस त्याची निष्ठा थोर वाटे. पण ३ जून २०२० रोजी, मृग लागण्याआधीच, ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनाकडची छपरे उडाली. उडालेला पत्रा काही धन्याच्या अंगणात थांबत नाही, बाबांनो! तो शेजाऱ्याच्या गोठ्यावर पडतो, कधी मानेवर. निष्ठा आपली नि जोखीम त्याची, ही कसली भक्ती? म्हणून आता आम्ही वैशाखातच घर शाकारतो, पत्र्यांचे हूक आवळतो, घरावर वाकलेली फांदी छाटतो. शेजारच्या म्हातारीला मात्र शिडी चढवत नाही. तिच्या छपराचे काय? तेथे आम्हीही, खरे सांगायचे तर, दोन वर्षे ‘उद्या बघू’ म्हणत आलो आहोत.