वाढत्या जीवावर आपला हक्क किती?

पाऊस स्थिरावला की आपल्या बावखलांच्या कडेला बेडकांच्या अंड्यांचे पुंजके तरंगताना दिसतात. शाळेतली मुले त्यातली थोडी काचेच्या बरणीत घालून वर्गात आणतात. काही दिवसांत बेडूकमासे वळवळू लागतात. मग मागचे पाय फुटतात, नंतर पुढचे, आणि शेपूट आखूड होत जाते. एखादे लहान मूल विचारते, ‘बाई, आपला मासा कुठे गेला?’

प्रश्न साधा वाटतो, पण तत्त्वज्ञानाच्या मुळाशी जाणारा आहे. मासा गेला आणि बेडूक आला, की जीव तोच आहे? सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटलचे उत्तर शिकलो: जे सुप्तपणे असते ते प्रत्यक्षात येणे, हाही बदलच. बेडूकमाशाची शेपूट गळून पडत नाही, ती आतल्या आत विरघळते. त्या दिवसांत तोंडाची ठेवण बदलत असल्याने त्याला खाता येत नाही. ती शेपूटच त्याची शिदोरी होते. काल जे होते ते वाया जात नाही.

तरीही बेडूकमाशाला ‘अपुरा बेडूक’ म्हणणे अन्यायाचे आहे. शेवाळ खरवडून खाणारा, कल्ल्यांनी श्वास घेणारा तो जीव आपल्या जागी पूर्ण आहे. घरभेटीला गेलो की आम्हांला ‘उद्याचा इंजिनिअर’ किंवा ‘उद्याची डॉक्टर’ दाखवली जाते. समोर उभे असलेले आठ वर्षांचे मूल मात्र कुणाला दिसत नाही.

मग घाई सुरू होते. १९१२ साली गुडरनॅच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली. ते झपाट्याने बेडूक झाले, पण अगदी चिमुकले राहिले. पुढे असेही दिसले की, ही ग्रंथी काढून टाकलेले बेडूकमासे आकाराने वाढत राहतात, पण बेडूक होत नाहीत. घाई केली तर खुजेपण, अडवून धरले तर कायमचे बालपण.

तर मग मोठ्यांनी करायचे काय? फुप्फुसे तयार झाली की, ज्या पाण्याने वाढवले त्याच पाण्यात पिल्लू बुडून मरू शकते. म्हणून जाणत्या बाई पुढचे पाय दिसताच बरणीतले पाणी कमी करतात आणि आत एक तिरका दगड ठेवतात. पिल्लाला त्या उचलून दगडावर बसवत नाहीत, चढायचे त्याने. शेवटी जिथून आणले त्याच बावखलात त्याला सोडून देतात.

बंधुभगिनींनो, ज्या शिस्तीत मूल दहा वर्षे सुखाने वाढले, तीच शिस्त पंधराव्या वर्षी त्याला गुदमरवू शकते. ते दार लावून बसू लागले, उलट प्रश्न विचारू लागले, की ‘आमचे मूल बिघडले’ असे म्हणून आपण दुखावतो. मूल तेच असते. त्याला आता वेगळा श्वास हवा असतो. आपला हक्क पाणी बदलण्याएवढा आणि दगड ठेवण्याएवढा आहे, झाकण लावण्याएवढा नाही. आपल्या घरच्या बरणीत असा दगड आहे का, एवढे या आठवड्यात पाहू या.