दुरून दिसणारा धूर

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण सहसा उपरोधाने वापरतो. जवळ गेले की दगड, काटे आणि दमछाक. म्हणून दुरूनच पाहावे आणि समाधान मानावे, एवढाच तिचा अर्थ आपण घेतो. परंतु या म्हणीच्या पोटात एक नैतिक प्रश्नही दडलेला आहे. डोंगर साजरा दिसतो तो पाहणाऱ्याला. ज्याने त्या डोंगरावर आयुष्य झिजवले, त्याला तो कसा दिसतो? आणि त्याचे दुःख ठाऊक नसताना मी घेतलेला सौंदर्याचा आनंद निर्मळ म्हणता येईल काय? हा प्रश्न मला पडला तो दक्षिण अमेरिकेतील एका ओसाड पठारावर, एका ज्वालामुखीसमोर उभा असताना.

सेमिनरीतील माझा एक सहाध्यायी बोलिव्हियात मिशनरी म्हणून सेवा करीत आहे. त्याच्या आग्रहावरून मी तेथे गेलो होतो. उयुनी नावाच्या गावाहून आम्ही जीपने निघालो. प्रथम दहा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेले मिठाचे पांढरेशुभ्र वाळवंट लागले. मिठागरांच्या प्रदेशात वाढलेल्या माझ्यासारख्यालाही ते पाहून शब्द सुचेना. दुसऱ्या दिवशी मीठ मागे पडले. निर्जन सपाटीवरून चिलीकडे जाणारे लोहमार्गाचे एकाकी रूळ ओलांडून आम्ही काळ्या-तांबूस लाव्हाच्या खडकांत शिरलो. तेथे एका उंचवट्यावर गाड्या थांबतात. ते स्थळ समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट उंचीवर आहे. चार पावले टाकली की धाप लागते. झाड नाही, पाखरू नाही. खडकांच्या आडोशाला यारेता नावाच्या वनस्पतीचे हिरवे, दगडासारखे घट्ट गोळे तेवढे दिसतात.

समोर ओयाग्वे उभा होता. ५,८६८ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी बोलिव्हिया आणि चिली यांच्या सीमेवर आहे. पिवळसर-तांबडे उतार, माथ्यावर थोडे हिम आणि शिखराच्या खांद्यावरून अखंड निघणारी धुराची बारीक रेघ. वास्तविक तो धूर नव्हे. पॅसिफिक महासागराचा तळ दक्षिण अमेरिका खंडाखाली सरकत असतो. त्याच्यासोबत खोल गेलेल्या पाण्यामुळे तेथील तप्त खडक वितळतो, शिलारस वर चढतो, आणि त्याच्यातील वाफ व गंधकयुक्त वायू अशा भेगांतून बाहेर पडतात. इतिहासकाळात ओयाग्वेचा निश्चित असा एकही उद्रेक नोंदलेला नाही. तरीही त्याचा श्वास थांबलेला नाही. ते दृश्य पाहताना मला होरेब पर्वतावरील एलिया संदेष्ट्याची आठवण झाली. वारा, भूकंप आणि अग्नी यांच्यात परमेश्वर नव्हता. त्यांच्यानंतर आलेल्या मंद, शांत वाणीत तो होता. या विचाराने मी भारावून गेलो. खरे सांगायचे तर, आपल्याला असा विचार सुचला याचेही मला थोडे कौतुक वाटले.

आमचा चालक, चाळिशीतला एक केचुआ गृहस्थ, थोडा बाजूला उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली, खिशातून कोकाची चार पाने काढून जमिनीवर ठेवली आणि त्यांवर दगड ठेवला. अँडीजमधील लोक पर्वतांना वडीलधाऱ्यांप्रमाणे मान देतात, हे मी ऐकून होतो. माझ्या मित्राला दुभाषी करून मी उत्साहाने म्हणालो, "किती सुंदर आहे हा पर्वत!" तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "माझे वडील त्या धुरापाशी गंधक खणायचे. घरी आले की रात्रभर खोकायचे."

मी काय बोलणार? मित्र मात्र त्याला नावाने हाक मारून हळूहळू विचारू लागला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की दोन दिवस या माणसाच्या हाती माझा जीव होता, त्याने दिलेला चहा मी प्यालो होतो, आणि त्याचे नाव विचारण्याचे मला सुचले नव्हते. माझ्या लेखी तो 'ड्रायव्हर' होता. परमेश्वराची मंद वाणी ऐकण्यास निघालेल्या माझ्या कानांची ही अवस्था होती.

पुढे मी या खाणींविषयी वाचले. ओयाग्वेच्या शिखराजवळ गंधक काढले जात असे. शेजारच्या, चिलीतील आऊकानकिल्चा या सहा हजार मीटरांहून उंच पर्वतावरची गंधकाची खाण तर जगातील सर्वांत उंच खाण मानली जाई. तेथे हवेतून मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम निम्मा. खणलेले गंधक आरंभी लामा जनावरांच्या पाठीवरून, नंतर तारमार्गाने आणि त्यानंतर ट्रकने खाली येई. इंधनासाठी यारेता उपटून जाळली जाई. अतिशय सावकाश वाढणाऱ्या या वनस्पतीचे शेकडो वर्षांचे गोळे भट्ट्यांत गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले आहे. त्या डोंगरांवर हे दोन्ही आक्रोश एकाच भट्टीतून उठत होते.

१९३५ साली शास्त्रज्ञांचे एक आंतरराष्ट्रीय पथक, विरळ हवेत मानवी शरीर किती तग धरते हे मोजण्यासाठी या भागात आले होते. त्यांना आढळले, की कामगार सुमारे ५,३०० मीटरांवरच्या वस्तीत राहतात आणि रोज सुमारे पाचशे मीटर चढून खाणीवर जातात. चढण वाचावी म्हणून त्यांच्यासाठी अधिक उंचीवर वस्ती उभारली गेली होती. परंतु तेथे राहण्यास त्यांनी नकार दिला. तेथे भूक मंदावते, झोप लागत नाही, शरीर खंगते, असा त्यांचा अनुभव होता. माणसाची सहनशक्ती कोठे संपते, हे विज्ञानाला उपकरणांनी शोधावे लागले. त्या माणसांना ते ठाऊक होते. त्यांना कोणी विचारायला हवे होते, एवढेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दूरदेशी जाऊन पर्वत पाहणे यात काही गैर आहे काय? संत अगस्तीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त खंत व्यक्त केली आहे, की माणसे पर्वत आणि सागर पाहून थक्क होतात, पण स्वतःच्या अंतरंगाकडे लक्ष देत नाहीत. इटालियन कवी पेत्रार्क याने लिहून ठेवले आहे, की १३३६ साली व्हाँतू पर्वताच्या माथ्यावर त्याने हा ग्रंथ उघडला, नेमका तोच भाग समोर आला आणि तो लज्जित झाला. संत थॉमस अक्विनास यांनी जाणून घेण्याच्या सद्गुणी ओढीपासून पोकळ कुतूहल वेगळे केले आहे. सेमिनरीत हे सारे मी शिकलो होतो. त्या उंचवट्यावर मात्र मला वाटले, की पाहणाऱ्याला आणखी एक धोका असतो. स्वतःच्या अंतरंगात डोकावूनही माणूस शेजाऱ्याला विसरू शकतो. मी एलियाचे चिंतन करीत होतो. ते अंतर्मुख होते, भक्तिपूर्णही होते, आणि तरीही आंधळे होते.

म्हणून सौंदर्याचा त्याग करावा काय? मला तसे वाटत नाही. परमेश्वराने आपली निर्मिती पाहिली आणि ती त्याला चांगली वाटली, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. तो आनंद आपल्यालाही दिलेला आहे. शिवाय त्या चालकानेही पर्वताचा द्वेष केला नव्हता. ज्या डोंगराने वडिलांची छाती पोखरली, त्याच्यासमोर त्याने टोपी काढली. माझ्यापाशी त्या पर्वताचा आनंद होता. त्याचे पर्वताशी नाते होते. नात्यात दुःखाला जागा असते, म्हणून त्याचे पाहणे माझ्यापेक्षा पूर्ण होते. आनंद घ्यावा, परंतु तो घेताना हा साजरा डोंगर कोणाला महाग पडला, हे विचारण्याचे ऋण पाहणाऱ्यावर राहते.

एलियाच्या कथेचा उत्तरार्ध मी तेथे विसरलो होतो. त्या मंद वाणीने त्याचे सांत्वन करून त्याला पर्वतावर बसवून ठेवले नाही. तो येथे काय करीत आहे, अशी त्याला विचारणा झाली आणि आल्या वाटेने परत जाऊन माणसांतले काम करण्याची आज्ञा मिळाली.

मीही परत आलो. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो अग्नी केव्हाच निवाला. आमच्या धर्मग्रामापासून थोड्या अंतरावर त्याच काळ्या दगडाची खाण आहे. पावसाळ्यानंतर चर्चच्या गच्चीवरून पाहिले, की सकाळच्या उन्हात तेथे पांढऱ्या धुळीचा ढग तरंगताना दिसतो. अनेक वर्षे मी तो पाहत आलो आहे आणि एकदा तर प्रवचनात धुक्याची उपमा देऊन त्याचे वर्णनही केले आहे. त्या धुळीत खडी फोडणारी माणसे परगावची आहेत. बहुतेक आपल्या धर्माची नाहीत. गेल्या महिन्यात मी प्रथमच तेथे चालत गेलो. जाताना काय बोलावे ते सुचत नव्हते. शेवटी मी त्यांना त्यांची नावे विचारली.