शेजार आणि सोयरीक

पूर्वजांच्या भूमीत परतलेले कुटुंब घरी पोचले हे कधी म्हणायचे? जहाजातून उतरले तेव्हा, की तिथल्या माणसांनी त्याला आपले म्हटले तेव्हा? हा प्रश्न बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाइतका दुसऱ्या कोणा मराठी माणसांनी सोसलेला नाही.

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, असे हा समाज परंपरेने सांगतो. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. ग्रंथ हाती नव्हते, हिब्रू विसरली होती. तरी सुंता, शनिवार आणि शेमा ही प्रार्थना त्यांनी सोडली नाही. घरात मराठी, आडनावे किहीमकर, रोहेकर, पेणकर, आणि नवस फेडायला प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे-खोबऱ्याचा मलिदा. कोकणात त्यांना कोणी छळले नाही, हाकलले नाही. 1948 मध्ये इस्राएल राष्ट्र झाले, 1950 मध्ये ज्यूंना तिथे परतण्याचा हक्क देणारा कायदा झाला आणि ही कुटुंबे निघाली ती आपल्या मर्जीने, पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थनेत जपलेल्या भूमीकडे.

तिथे काहींच्या वाट्याला इतका दुजाभाव आला की त्यांनी धरणे धरले, उपोषणे केली आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. 1952 ते 1954 या काळात 337 जणांना परत आणले गेले. काही वर्षांत त्यांतले बहुतेक पुन्हा इस्राएललाच गेले. याला मी धरसोड म्हणणार नाही. दोन्ही घरे आपली असलेल्या माणसाची ती ओढाताण होती.

खरा घाव पुढे बसला. 1960 नंतर तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सांगितले की बेने इस्राएल वधूवरांच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे जाऊन तपासा. शतकानुशतके धर्मशास्त्रापासून दूर राहिलेल्या समाजात घटस्फोट आणि पुनर्विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, ही त्यांची शंका होती. शास्त्राच्या बाजूने ती समजते. पण आजीच्या आजीचा पुरावा नवगावातून कोण आणणार? 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये मोठे आंदोलन झाले. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने, क्नेसेटने, हा समाज सर्व बाबतींत ज्यू आहे असे जाहीर केले आणि धर्मपीठाला आदेशातला त्यांचा उल्लेख काढावा लागला.

मग कोकण उदार आणि पूर्वजांची भूमी कठोर, असे म्हणावे का? मला ते पटत नाही. कोकणाने त्यांना कुळ विचारले नाही, कारण विचारायची वेळच आली नाही. गावगाड्यात प्रत्येक जातीला जागा होती, तशी त्यांनाही मिळाली. घाण्याचे तेल घ्यायला कुळाचा दाखला लागत नाही. मुलगी द्यायची-घ्यायची वेळ आली असती तर गावानेही विचारले असते, आणि जास्त कडकपणे. खुद्द या समाजातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल हा भेद होताच, आणि गोरे काळ्यांशी लग्ने टाळत. कोकणाने शेजार दिला, तो मनापासून दिला. इस्राएलमध्ये त्यांना शेजाराने भागणार नव्हते. त्यांना सोयरीक हवी होती. म्हणूनच भांडण घरावरून किंवा नोकरीवरून जितके पेटले नाही, तितके लग्नाच्या नोंदीवरून पेटले. परतणे पुरे होते ते तिथे, लग्नाच्या मांडवात.

तो मांडव त्यांनी झगडून मिळवला. आज हा समाज मुख्यतः इस्राएलमध्ये आहे. भारतात उरलेले थोडे लोक बहुतेक मुंबई-ठाण्यात राहतात. इस्राएलमधून कुटुंबे अलिबागच्या इस्राएल आळीत, नवगावला, आपल्या आडनावाच्या गावी येतात आणि पूर्वजांच्या कबरी शोधतात. रायगड जिल्ह्यात ज्यांच्या गावाशेजारी अशी जुनी दफनभूमी आहे, त्यांनी तिथले रान वाढू देऊ नये, दगड हलवू देऊ नयेत. शेजारधर्माचे एवढे काम अजून आपल्याकडे आहे.